फुलीचा कोपरा

घरी बसून आपल्या हातांनी काही सुंदर बनवणं, यासारखा निर्मळ आनंद देवाने दुसरा निर्माण केलेला नाही. त्याने मन शांत होतं, राग विरघळतो आणि शेजारणीबद्दल आपोआप माया दाटून येते.

असं पाद्रीबाबा अकाइतीच्या ओसरीवर उभं राहून म्हणाले. मग प्रार्थना झाली, त्यांनी तीन डोनट उचलले आणि ते गेले. शेजारच्या तेपाएरूने सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' म्हटलं. तिला घाई होती. तिला अकाइतीचं नाक कापलं जाताना बघायचं होतं.

चटईवर ऑकलंडहून मागवलेलं लाल कापड पसरलं होतं. असं दुसरं कापड सगळ्या रारोटोंगा बेटावर नव्हतं. अकाइतीच्या नातीच्या लग्नात नवरा-नवरीला पांघरायची तिवायवाय गोधडी त्यातून व्हायची होती. कापडाची चौघडी घालायची, वर कागदाची नक्षी ठेवायची आणि कडेकडेने कापायचं. उलगडलं की एक अखंड मोठं फूल. मग ते पांढऱ्या चादरीवर सगळ्याजणींनी मिळून शिवायचं. सांभाळायचं एवढंच, की नक्षीवरची फुली घडीच्या बंद कोपऱ्यावर यायला हवी. ती सुट्या कोपऱ्यावर आली, तर फूल अखंड राहत नाही.

ही नक्षी तेपाएरूची होती. गेल्या प्रदर्शनात अकाइतीने तेपाएरूच्या आईच्या नक्षीचं फूल स्वतःचं म्हणून टांगलं होतं आणि लोकांनी त्यापुढे उभं राहून फोटो काढले होते. आमच्याकडे नक्षी मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. न मागता नेली तर तीन पिढ्या कुणी विसरत नाही. म्हणून या वेळी तेपाएरूने नवी नक्षी काढली, लाल खडूने ठसठशीत फुली मारली, ती भलत्या कोपऱ्यावर मारली, कागद आपल्या ओसरीवरच्या टेबलावर ठेवला आणि डुकरांना खायला घालायला गेली. डुकरं जेवून झोपली तरी ती तिथेच. परतली तेव्हा कागद नव्हता. त्याच्या जागी केळ्याच्या पुडिंगची ताटली होती. ती तिने चाटूनपुसून खाल्ली. सुडाच्या आड पुडिंग येऊ देणाऱ्यांतली ती नव्हती.

खरं तर ही खोड शिकाऊ पोरीच्याही नजरेत भरली असती. पण चोराला धीर नसतो, यावर तेपाएरूची भिस्त होती.

अकाइतीने कागद नाकाशी धरला. बायकांना वाटलं, मनात देवाचं नाव घेतेय. मग तिने नक्षी कापडाच्या चौघडीवर ठेवली, टाचली आणि कात्री चालवली.

"काय गं तेपाएरू, घाम का फुटलाय तुला?" मोएरोआने विचारलं. गावातली कुठलीही गोष्ट हिच्या तोंडून गेल्याशिवाय खरी मानत नाहीत. "लग्न तुझं आहे का?"

"ऊन आहे."

"सावलीत बसलीयेस तू."

चौघींनी लाल कापडाची चार टोकं धरली आणि उचललं. चौघींच्या हातात एकेक तुकडा आला.

"अगंबाई," मोएरोआ म्हणाली, "हे चार कसे?"

तेपाएरूने आरशासमोर बसवून ठेवलेला हळहळीचा चेहरा बाहेर काढला.

"चारच हवे होते," अकाइती म्हणाली. गुडघ्यांवर बसून तिने तुकड्यांवरून सावकाश हात फिरवला. "चार कोपऱ्यांना चार. मधे मोकळं."

"मधे काहीच नाही?"

"मधे नवरा-नवरी. का तिथेही फूल हवं तुला? टोचेल की गं त्यांना."

ओसरी हसून हसून आडवी झाली. कुणीतरी तुकडे पांढऱ्या चादरीवर मांडून पाहिले. वाईट गोष्ट अशी, की ते छान दिसत होते.

"डोकं आहे बाई!" मोएरोआ म्हणाली. "असं आजवर कुणी कापलं नाही. माझ्या सुनेसाठी अस्संच काप."

तेपाएरू उठली. बसली. 'अगं, चुकलंय ते!' असं ओरडायचं तर चूक कुठे आहे ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचं तर ती कुणी केली तेही. हळहळीचा चेहरा उतरवायचं तिला सुचलं नाही.

"बघा हिच्याकडे," मोएरोआ म्हणाली. "आपल्याला सुचलं नाही म्हणून किती जळतेय."

बायका चादरीभोवती बसल्या. कुणीतरी स्तोत्र धरलं, बाकीच्यांनी उचललं. अकाइती सरकत सरकत तेपाएरूच्या शेजारी आली आणि इतरांकडे पाठ करून बसली.

"नक्षी कुणाची म्हणायची गं ही?" तेपाएरूने दात आवळून विचारलं.

"तुझी. विचारलं कुणी तर सांगेन." मग थोड्या वेळाने, "पुडिंग कसं होतं?"

"साखर जास्त होती."

"असेल."

स्तोत्राचं दुसरं कडवं सुरू झालं. अकाइतीने सुई आणि लाल दोरा तेपाएरूच्या मांडीवर ठेवला.

"जरा ओवून दे ना, नेढं दिसत नाही मला," ती म्हणाली. "आणि गात राहा, नाहीतर बघतील."