सरूबाईची तक्रार

सरूबाईची तक्रार आज सत्तेचाळिसाव्यांदा आली. ‘माझा किसन घरी आला नाही. कुणीतरी बघा.’

सरूबाई गेममधली बाई. हल्ली गेममधली माणसं आपल्या जगातल्या चुका स्वतःच कळवतात, आणि टेस्टिंगवाली मुक्ता त्या तपासते. तिचे टीमप्रमुख दिवटे सर यांनी नेहमीसारखा शेरा मारला, ‘चूक नाही, कथेत असंच आहे,’ आणि तक्रार बंद केली.

“सर, तिला कथा काय सांगता? आई आहे ती,” मुक्ता तडकली.

“अगं, पोरगं हरवलंच नाही तर खेळणारा शोधणार काय, डोंबल? परवा गेम रिलीज होतोय. आता कथेला हात लावायचा नाही.”

“कथेला नाहीच लावत. खेळणारा गेम बंद करून शाळेत जातो ना? तेवढ्या वेळात किसनला घरी येऊ द्या. परत चालू केला की हरवू दे.”

सरांनी स्क्रीनवर किसनचा कोड उघडून पाहिला. “चार ओळींचं काम आहे,” ते म्हणाले. “जेवणाच्या सुट्टीत कर. बाकी काही मोडलं तर तुझी खैर नाही.”

मुक्ताने डबा उघडलाच नाही. तिने चार ओळी लिहिल्या, गेम चालू केला, बंद केला आणि वाट बघत बसली. थोड्या वेळाने सरूबाईची अठ्ठेचाळिसावी तक्रार आली. मुक्ताने ती घाईघाईने उघडली.

‘किसन आला. पण नुसता भात चिवडतोय, नीट जेवत नाही. कुणीतरी बघा.’

सर तिच्या मागे उभे राहून वाचत होते. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली.

“ही मात्र चूक आहे,” ते म्हणाले. “तक्रार बंद करू नकोस.”