गोष्टीखालची शिकवण

सुवार्ताची बीएची परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि ग्रीक देवांच्या कथा अजून अर्ध्याही वाचून झाल्या नव्हत्या. कारण पप्पा. ते मोताळ्याच्या मंडळीचे पाळक. असल्या देवांच्या गोष्टी आपल्या घरात वाचायच्या तर प्रत्येक गोष्टीखाली ख्रिस्ती शिकवण लिहायची आणि ती दाखवल्याशिवाय पान उलटायचं नाही, अशी त्यांची अट होती.

आज कलहदेवीपाशी गाडी अडली होती. लग्नाला बोलावलं नाही म्हणून ही बाई भर मांडवात सोन्याचं सफरचंद फेकते आणि त्यापायी दहा वर्षं युद्ध चालतं. सुवार्तानं तीनदा लिहिलेली शिकवण पप्पांनी तीनदा खोडली.

"लय मवाळ लिहून राह्यली तू. सरळ लिही ना, मानपानासाठी जो रुसते तो कायचा देव? आपल्या प्रभूनं त शिष्यायचे पाय धुतले."

दात आवळून तिनं चौथ्यांदा पेन उचललं. तेवढ्यात उंद्रीहून तिच्या चुलतभावाची लग्नपत्रिका आली. पप्पांनी ती उभ्या उभ्या वाचली, परत एकदा वाचली आणि कोपऱ्यात भिरकावली.

"निमंत्रकांत माह्यं नाव धाकट्या भावाच्या खाली टाकलं. फोन लाव त्यायले. म्हणाव, लग्न लावाले दुसरा पाळक पाहा."

सुवार्तानं पत्रिका उचलून वहीतल्या कलहदेवीच्या पानावर ठेवली आणि वही पेनासकट त्यांच्यापुढे सरकवली.

"पप्पा, आता हे तुमीच लिहा."