पितरांचं पाणी

पाटाच्या पाण्यावरून जुंपली आणि एतेलनं धाकट्या भावाचं डोकं कुदळीनं फोडलं. मढं फरात नदीत लोटून तो घरी आला.

"नूरातुम नावेवर कामाला गेला, आई. महिनाभर येत नाही."

अमावास्या होती. घराच्या जमिनीखाली पुरलेल्या पितरांना थोरल्यानं पाणी पाजायचा दिवस. खाली पितरांपर्यंत उतरणाऱ्या मातीच्या नळकांड्यात घागर ओतत एतेल नावं घेऊ लागला, "आजोबा, प्या. बाबा, प्या."

तहानलेलं भूत घरच्यांच्याच मानगुटीवर बसतं, या धास्तीनं तो हळूच पुटपुटला, "नूरातुम, तूही पी बाबा."

मागे दाराला अडसर लागला.

"सगळं ओतू नकोस रे," कोपऱ्यातली कुदळ उचलत आई म्हणाली, "अजून एकाला पाजायचंय."