खास माझी टोपली

वीस वर्षं मी एकाच मासळीवालीकडून मासळी घेते. बाकीच्या बायका कल्ले उघडून बघतात, बोटानं दाबून बघतात. मी नाही बघत. ती मला ताई म्हणते, तिच्या लेकीचं बाळंतपण मी केलंय, मग तिच्या मालाला काय बोटं लावायची? मला बघितलं की ती पाटाखालून टोपली ओढते अन् सगळ्यांदेखत म्हणते, "ताई, ही खास तुमच्यासाठी बाजूला काढलीय." शेजारणी बघत राहतात, मी मान ताठ करून घरी येते.

सुनेनं एकदा नाक मुरडलं. "आई, वास येतोय हो." म्हटलं, "मग काय माशाला अत्तराचा येणार?"

आज मासळीवालीला म्हटलं, "थोडी जास्त घाल गं. नातवाचं कुत्रं अशक्त झालंय. डॉक्टर म्हणाले, बारीक मासळी उकडून द्या, स्वस्त पडते अन् अंगाला लागते."

तिनं झटकन माझ्या टोपलीवर हात ठेवला.


"कुत्र्याला घालायचीय? मग यातली नको ताई, पाटावरची ताजी न्या. मुकं जनावर बिचारं, पोट बिघडायचं त्याचं."