यंदापुरती

"लोकशाही एका दिवसात मरत नाही," वाचनालयाच्या वार्षिक सभेत नागरिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक हुद्दार सर उभं राहून म्हणाले.

"खरंय सर. पण वडे गार होतायत," अध्यक्ष म्हणाला. तो त्यांचाच विद्यार्थी. आज त्याला तहहयात अध्यक्ष करण्याचा ठराव होता. सरांनी निवडणूक मागितली.

"सर, हे वाचनालय आहे, संसद नव्हे."

वाक्य सरांचंच होतं. बारा वर्षांपूर्वी 'यंदापुरती' निवडणूक टाळली, तेव्हा "एकदा टाळलीत की कायमची गेली" म्हणणाऱ्या ग्रंथपाल खांबेटेबाईंना त्यांनी याच वाक्यानं गप्प बसवलं होतं.

"माझा विरोध लिहा," सर म्हणाले.

सचिवानं इतिवृत्ताची वही पुढे केली. आजचं इतिवृत्त कालच लिहून झालं होतं. ठराव एकमताने मंजूर. अनुमोदक, हुद्दार सर.