तीन वर्षं थांब

बाळ ठेवायचं की नाही, यावर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर टक्के मागवण्यात आले.

कॅलिफोर्नियात, बर्कलीतल्या त्या सामाईक घराची रीतच होती ती. वाद झाला की आवाज चढवायचा नाही. प्रत्येकानं आपली खात्री टक्क्यांत सांगायची, आणि खरीच खात्री असेल तर पैज लावायची. पैजेला मागे सरणाऱ्याचं मत कुणी हिशेबात धरत नसे. कुत्रा पाळायचा की नाही, हेही असंच ठरलं होतं. त्यामुळे बाळाच्या बापाला, कॉर्विनला, यात काही वावगं वाटलं नाही. दिवस गेले होते नेओमीला, आणि तिला मात्र ते खटकलं.

"माझं म्हणणं एवढंच," मसुराचं सूप वाढता वाढता कॉर्विन म्हणाला, "तीन वर्षांत माणसाहून शहाणं यंत्र येतंय. नव्वद टक्के. ते आलं की आजार गेले, म्हातारपण गेलं, मरणसुद्धा गेलं. मग शंभराव्या वर्षी कर की बाळ! आत्ताच कशाला घाई?"

"मी चाळिशीला आलेय, कॉर्विन."

"तेच तर सांगतोय! वय हा प्रश्नच उरणार नाही."

टेबलाभोवती माना डोलल्या. तशी भली माणसं होती सगळी, दिवसभर गणितात बुडालेली. पण 'ते आलं की' म्हणताना प्रत्येकाची नजर हटकून वर जायची. ती नजर नेओमीच्या चांगल्याच ओळखीची होती. कॅन्ससमधल्या आपल्या गावच्या चर्चमध्ये तिनं सारं लहानपण त्या नजरेखाली काढलं होतं, आणि तिथून पळ काढून ती इथं आली होती. तिला संताप आला, आणि सगळ्यात आधी स्वतःचाच.

"लावते पैज," ती म्हणाली.

सगळे खूश झाले. कॉर्विननं तर टाळीच वाजवली.

"मी बाळ पणाला लावायचं, तर तुझंही काहीतरी लागायला हवं ना? गुरुवारी तुझी दाढ भरायचीय. डॉक्टरला आत्ता मेसेज कर आणि नको म्हणून सांग. तीन वर्षं थांब. यंत्र येईल, नवी दाढ देईल."

कॉर्विन हसला. दुसरं कुणीच हसलं नाही. त्याचा हात आपसूक गालावर गेला.

"अगं, पण ती आत्ता दुखतेय."

"वा रे वा! दाढ तेवढी आत्ताची, आणि बाळ तीन वर्षांनंतरचं."

इंग्रिड घरात सर्वांत वडील. भांडण मिटवायचं काम नेहमी तिच्याकडेच असे. "नेओमी, हे तुझ्या चर्चसारखं नाहीये हं," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "तिथं श्रद्धा होती. इथं आलेख आहेत."

"आमच्या बाबांकडेही आलेख होता, इंग्रिड. बायबलातले आकडे मांडून भिंतभर काढलेला. येशू परत कधी येणार, त्याची तारीख होती त्यात. बाकीच्यांची ती श्रद्धा, आपलं मात्र गणित, असंच म्हणायचे तेसुद्धा. त्या साली त्यांनी गहू पेरलाच नाही. म्हणाले, उन्हाळ्यात आपण इथं नाही, स्वर्गात असणार, तर कापायचा कुणी?"

"मग?"

"मग काय! उन्हाळा आला. आम्ही होतो तिथंच होतो. बाबांनी तारीख तीन वर्षं पुढे ढकलली."

कॉर्विननं पुन्हा गाल चोळला.

"आणि पुढच्या साली?" इंग्रिडनं हळूच विचारलं. "तेव्हा पेरला गहू?"

नेओमीनं डाव उचलला आणि आपल्या वाडग्यात पुन्हा काठोकाठ सूप वाढून घेतलं.

"आईनं पेरला," ती म्हणाली. "बाबांना न विचारता."