ताईंसाठी ठेवलेली जागा

ऑफिसात नवी मुलगी आल्यापासून ताईंच्या पोटात दुखत होतं. नकाशावरचा शोध झटपट व्हावा म्हणून तिने डेटाबेससाठी नवा इंडेक्स लिहिला आणि सगळं ऑफिस तिचे गोडवे गाऊ लागलं. तिचा कोड तपासायला ताईंकडे आला, तेव्हा त्यांनी तो डोळ्यांत तेल घालून वाचला. आणि खोट सापडली! किती नोंदी जुळतील याचा अंदाज सांगणारं फंक्शनच तिने लिहिलं नव्हतं. ते नसलं की डेटाबेस अंदाजपंचे कुठलातरी आकडा धरतो आणि हाताशी इंडेक्स असूनही नोंदींचं अख्खं टेबल चाळत बसतो.

भर मीटिंगमध्ये ताई म्हणाल्या, "अंदाजाशिवाय हा इंडेक्स म्हणजे नुसती शोभेची वस्तू आहे."

साहेब हसले. "आज तेच सांगणार होतो. कोडमधली ती जागा तिने मुद्दाम तुमच्यासाठी रिकामी ठेवलीय. म्हणाली, हे काम ताईंइतकं कुणाला जमत नाही, माझ्याबरोबर त्यांचंही नाव लागू दे."

मुलगी हळूच म्हणाली, "ताई, कराल ना?"

ताईंनी मान डोलावली. तिच्या हुशारीचा हेवा त्या कसाबसा गिळत होत्या. आता तिच्या मोठ्या मनाचाही वाटू लागला.